शाळेच्या सतरंजीवर बहिणाबाई

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी कोल्हापूरकरांचे पाय आपसूक राजारामपुरीकडे वळतात. पहिल्याच दिवशी इथल्या मंडळांच्या आगमन मिरवणुका निघतात आणि मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. पुढचे दिवस क्रमांकांच्या गल्ल्यांतून तांत्रिक देखावे बघत माणसं फिरतात. हलणाऱ्या मूर्ती, प्रकाशाचे झोत, आधीच मुद्रित केलेलं निवेदन, आणि गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून हे सगळं डोळे विस्फारून बघणारं पोर. या देखाव्यांमागे गल्लीतल्या पोरांच्या कितीतरी रात्रींची मेहनत असते. तिचा इथल्या माणसांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

याच राजारामपुरीतल्या शाळांपुढे एक अगदी उलट्या टोकाचा प्रस्ताव ठेवायला हवा. हलणारं काही नाही, झोत नाही, मुद्रित आवाज नाही. शाळेचा हॉल, सतरंजी, एक नटी किंवा एक नट, आणि तासाभरात उलगडत जाणारं एका कवीचं आयुष्य. पाठ्यपुस्तकातली कविता डोळ्यांखालून जाण्याआधी प्रत्येक मुलाला ती अशी एकदा कानांनी मिळावी. वर्षातून एकदा मिळाली तरी चालेल. पण ती वेळापत्रकातला तास म्हणून मिळावी, स्नेहसंमेलनातल्या दोन नाचांच्या मधली भर म्हणून नव्हे.

ऑस्ट्रेलियात ही कल्पना नवी नाही. तिथे 'बुश' म्हणजे शहरांपलीकडचा विस्तीर्ण, विरळ वस्तीचा मुलूख. मेंढ्यांची कुरणं, पावसाची वाट बघणारे माळ, घोडे, लोकर कातरायच्या शेड. त्या मुलखाची गाणी रचणारे ते बुश कवी. त्यांची कविता मुळात छापण्यापेक्षा म्हणण्यासाठी होती. दिवसभराचं काम संपलं की शेकोटीभोवती कुणीतरी ती पाठ म्हणायचा, बाकीचे ऐकायचे. म्हणूनच तिथे एकटा नट कवीची टोपी घालून शाळेत उभा राहतो आणि त्या कवीचं आयुष्य त्याच्याच कवितांतून सांगतो, तेव्हा ते कुणाला अवघडल्यासारखं वाटत नाही. कविता आपल्या मूळ ठिकाणी परत आलेली असते.

या कवींत दोन नावं सगळ्यांत मोठी, हेन्री लॉसन आणि बँजो पॅटर्सन. लॉसन १८६७ साली सोन्याच्या खाणींच्या वस्तीत जन्मला. नवव्या वर्षी त्याच्या कानात दोष निर्माण झाला आणि चौदाव्या वर्षापर्यंत त्याला जवळजवळ ऐकू येईनासं झालं. पॅटर्सन त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तो सिडनीत वकिली करायचा आणि कवितेत मात्र घोड्यावर बसून डोंगर उतरायचा. दोघेही 'द बुलेटिन' या सिडनीच्या साप्ताहिकात लिहीत. १८९२ साली त्याच साप्ताहिकात दोघांत जुंपली. पॅटर्सनला तो मुलूख रमणीय दिसायचा आणि लॉसनला त्यातली धूळ, माश्या नि एकटेपण दिसायचं. भांडण लेखांनी नव्हे, कवितांनी झालं. एकाने कविता टाकली की दुसऱ्याने तिला कवितेतच उत्तर द्यायचं. ज्या महाराष्ट्राने कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र जागवले, त्याला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

त्याच वर्षी 'बुलेटिन'च्या संपादकाने लॉसनला पाच पौंड आणि बर्क नावाच्या दूरच्या गावाचं रेल्वेचं तिकीट हातावर ठेवून दुष्काळी भागात धाडलं. तिथून लॉसन भर उन्हाळ्यात दोनशेहून अधिक किलोमीटर चालत हंगरफोर्डला गेला आणि चालतच परतला. त्याच्या पुढच्या लेखनाला त्या पायपिटीची वाळू लागलेली आहे. दहा डॉलरच्या नोटेवर १९६६ साली त्याचंच चित्र छापलं गेलं. १९९३ पासून त्या किमतीच्या नोटेवर पॅटर्सन आहे. देशाने दोघांना आलटून पालटून खिशात बाळगलं.

'द बुलेटिन' सुरू झालं १८८० च्या जानेवारीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नागपंचमीला, खानदेशात जळगावजवळच्या आसोद्याला एका शेतकऱ्याच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव बहिणाबाई. तिच्या वाट्याला अक्षर कधी आलं नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधरी वाड्यात आली, तिशीत विधवा झाली, तीन मुलांना वाढवलं, आणि या सगळ्या काळात जात्यावर, चुलीपुढे, शेताच्या बांधावर ती गाणी रचत राहिली. ती लिहून घेतली तिचा मुलगा सोपानदेव याने आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी, जितकी कानावर पडली तितकी. जी त्यांच्या गैरहजेरीत सुचली ती वाऱ्यावर गेली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. ज्या बाईची ती गाणी होती, तिने आपलं पुस्तक पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या एका कवीचे कान गेले होते आणि खानदेशातल्या या कवयित्रीला डोळ्यांनी अक्षर ओळखता येत नव्हतं. दोघांनीही आपापल्या मुलखाची माती शब्दांत जशी आणली, तशी सगळी इंद्रियं आणि सगळी शाळा लाभलेल्यांनाही क्वचितच आणता आली.

महाराष्ट्राला आपला बुश कवी शोधायला फार लांब जावं लागत नाही, ते यामुळे. प्रश्न एवढाच की त्या कवयित्रीची आणि राजारामपुरीतल्या आठवीच्या मुलीची भेट होते कशी? आज ती होते पानावर. वर कवितेचं नाव, खाली कवयित्रीचा परिचय चार ओळींत, मग कविता, मग शब्दार्थ, मग स्वाध्याय. दहावीपर्यंत पोचलं की रसग्रहण, आणि त्याचे ठरलेले तीन कप्पे: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. गाईडमध्ये तिन्ही कप्पे भरून मिळतात. मुलं ते पाठ करतात, गुण मिळतात, आणि कविता कुठेही न अडखळता डोक्यावरून निघून जाते. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला साठ मुलांपुढे, अभ्यासक्रमाचं घोडं मागून हाकत असताना, कोणताही शिक्षक याहून फार वेगळं काय करणार?

पण बहिणाबाईंच्या बाबतीत पानाची ही वाट विशेष अपुरी पडते, कारण ती कविता पानासाठी जन्मलीच नव्हती. ती लेवा गणबोलीत आहे. त्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया' होतो, जात्याला 'घरोट' म्हणतात. कोल्हापूरच्या मुलाला हे छापलेलं दिसतं तेव्हा ते चुकीचं मराठी वाटतं. वर्गात कुणीतरी हसतं. 'व्हय', 'न्हवं', 'लई' म्हणत घरी वावरणारं ते मूल खानदेशी बोलीला हसतं, हे किती वाईट आहे! आणि ते त्याच्या मनाचं वाईटपण नाही. त्याने ती बोली कुणाच्या तोंडून कधी ऐकलेली नसते. शब्दार्थाच्या यादीत 'घरोट म्हणजे जातं' एवढं कळतं. पण नटी जमिनीवर बसते, एक पाय लांब सोडते, हाताने न दिसणारा खुंटा धरते आणि त्या फिरण्याच्या लयीत शब्द येऊ लागतात, तेव्हा घरोट काय असतं ते शरीराला कळतं. ओळ कुठे तुटते आणि का तुटते, तेही तिथेच कळतं. दम लागतो तिथे ती तुटते.

हे काम व्हिडिओ करू शकत नाही का, असा प्रश्न येईल. मोबाइलवर बहिणाबाईंची गाणी चाल लावलेली मिळतात, स्मार्ट बोर्डावर तासाला दाखवताही येतात. दाखवावीत. पण पडदा मुलाकडे बघत नाही. एकपात्री प्रयोगात नटीची नजर पहिल्या रांगेतल्या मुलीवर येऊन थांबते, तेव्हा ती मुलगी गोष्टीत ओढली जाते. नटी तिला विचारू शकते, 'काय गं, तुझ्या आजीकडे होतं का असलं जातं?' आणि मुलगी काय उत्तर देईल हे नटीला आधी ठाऊक नसतं. हा जिवंत धोका नाटकात असतो आणि मुलांना तो लगेच कळतो. त्यामुळेच दंगा करणारा वर्गसुद्धा एकट्या माणसापुढे गप्प बसतो.

मराठी माणसाला एकट्याने सभा धरून ठेवणारा कलावंत काही परका नाही. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान लावतो, त्यात तोच राजा असतो, तोच प्रधान आणि तीच रडणारी राणी. पहाटेचा वासुदेव, जत्रेतला बहुरूपी, भारुड करणारा, सगळे याच घराण्यातले. पुढे १९६१ साली पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर वसवली. १९७९ पासून औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून अधिक माणसं एकाच अंगाखांद्यावर वागवली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभरच्या घराघरात प्रेमाने ऐकली गेली ती या एका प्रयोगामुळे. त्याआधी तिला हसणारेही होतेच.

आणि कोल्हापूरला तर कथाकथनाचं ऋण आहे. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टण कोडोलीचे शंकर पाटील, सोबत व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार, या तिघांनी गावोगाव कथा सांगितल्या. समोर टेबल, पाण्याचा तांब्या आणि हजारभर माणसं. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर असेच कवितावाचन करत महाराष्ट्र फिरले. त्या पिढीतल्या माणसांना कविता पाठ आहेत याचं कारण त्यांना चांगले शिक्षक मिळाले एवढंच नाही. त्यांनी कवी ऐकले होते.

शाळेसाठीच्या एकपात्री कवीचरित्राचा सगळ्यांत भक्कम मराठी नमुना मात्र १९८९ सालचा आहे. सुषमा देशपांडे यांनी लिहिलेला आणि स्वतः केलेला 'व्हय, मी सावित्रीबाई'. सावित्रीबाई फुल्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून सगळे ओळखतात, पण १८५४ साली 'काव्यफुले' हा संग्रह छापणारी ती कवयित्रीही होती, हे किती शाळांत सांगितलं जातं? या प्रयोगात सावित्रीबाई पुतळ्यावरून खाली उतरतात. त्या थेट समोरच्या बायकांशी, मुलींशी बोलतात, लग्न होऊन आलेली अडाणी पोर ते शिक्षिका हा आपला प्रवास स्वतःच्या तोंडाने सांगतात. नावातला 'व्हय' हा शब्दच पुरेसा बोलका आहे. प्रमाण मराठीतल्या 'होय'मध्ये तो ठसका नाही. हा प्रयोग मोठ्या नाट्यगृहांपुरता राहिला नाही. तो खेड्यांत गेला, बायकांच्या मेळाव्यांत गेला, शाळा-कॉलेजांत गेला, आणि पुढे दुसऱ्या अभिनेत्रींनीही तो केला. एका नाटकाने तीस वर्षांहून अधिक काळ एका ऐतिहासिक बाईचा आवाज महाराष्ट्रात जिता ठेवला. अवजड नेपथ्य असतं तर ते नाटक एसटीच्या मुक्कामाच्या गावापर्यंत पोचलं असतं का?

योगायोग असा की त्याच १९८९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने शिक्षणातल्या नाट्यासाठी 'संस्कार रंग टोली' स्थापन केली. त्याआधी १९५९ पासून सुधा करमरकरांनी आणि पाठोपाठ रत्नाकर मतकरींनी मुंबईत बालरंगभूमी उभी केली होती, आणि १९८६ साली मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात 'ग्रिप्स' नाट्यचळवळ रुजली होती. म्हणजे मुलांसाठी गंभीरपणे नाटक करावं, हा विचार महाराष्ट्रात चांगला मुरलेला आहे. शाळेच्या फाटकापाशी येऊन तो अडतो, एवढंच.

अडतो कशापाशी? तर नाट्यगृहापाशी आणि पैशापाशी.

कोल्हापुरात नाट्यगृहाचं दुःख ताजं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आणि सकाळी नाट्यगृहाबाहेर उभे राहून माणसं रडली. शतकाहून जुनं नाट्यगृह गेल्यावर ते पुन्हा उभं करणं हे शहराचं कर्तव्यच आहे. पण मुलांचं नाटक त्या बांधकामाची वाट बघत थांबवू नये. एकपात्री प्रयोगाला पडदा लागत नाही, विंग लागत नाही. शाळेचा हॉल नसेल तर प्रार्थनेचा व्हरांडा चालतो, तोही नसेल तर झाडाखालची सावली. अट एकच, मुलं शंभर-सव्वाशेच्या वर नकोत. पाचशे मुलं पटांगणात बसवून, कर्ण्यातून आवाज सोडून, एका दिवसात सगळी शाळा 'उरकली' तर तो प्रयोग होत नाही, सूचना होते. कवितेला आवाजाची बारीक जागा लागते. ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू येईल एवढंच अंतर ठेवावं.

वेळही काढता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेले आहेत. राज्य शासनाने २०२४ साली पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. त्यातला एक शनिवार, फक्त एक, कवीला द्यावा. सध्या मराठीचे सगळे कार्यक्रम २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, एकाच सकाळी कोंबले जातात. परीक्षा तोंडावर असतात, मुलं कंटाळलेली असतात, पाहुणे उशिरा येतात. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर खेळता येत नाही तेव्हा एका कवीला बोलावलं तर वर्षभर शिक्षकांना त्या कवितांकडे परत जाता येईल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० सालीच झाला. राजारामपुरीच्या आसपास इंग्रजी माध्यमाची मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांना मराठी आता शिकावंच लागतं. सक्तीने वही भरते. मात्र या मुलांना मराठी आवडावी असं वाटत असेल तर तिचा एखादा तरी जिवंत माणूस त्यांच्यासमोर उभा करावा लागेल, आणि खरं तर त्यांनाच याची गरज अधिक आहे.

आता पैसा. इथे स्पष्ट बोलायला हवं. शाळेत येणाऱ्या कलावंताला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल देऊन बोळवण्याची रीत बंद व्हायला हवी. नटी चार महिने तालीम करते, चरित्र वाचते, बोली शिकण्यासाठी खानदेशात जाऊन राहते. तिला घरभाडं असतं. 'मुलांसाठी आहे, समाजकार्य आहे' असं म्हणून तिच्याकडून फुकट प्रयोग मागणाऱ्या शाळा त्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आणि साउंड सिस्टीमला पूर्ण पैसे देतात. फळ्यावर रंगरंगोटी करणाऱ्याला मजुरी मिळते, मग कविता सांगणारीला का नको? खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाला हे सहज जमेल. एका मुलामागे मिसळीच्या अर्ध्या प्लेटइतकी वर्गणी पुष्कळ झाली. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांकडून मात्र एक रुपयाही घेऊ नये. १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा निघाला होता. त्या शाहू महाराजांच्या शहरात महापालिकेच्या शाळेतलं मूल पैशाअभावी नाटकावाचून राहिलं, हे शोभणारं नाही.

यासाठी राजारामपुरीतल्या मंडळांकडे बघावं. वर्गणी गोळा करण्याची, हिशेब ठेवण्याची, माणसं जमवण्याची जी यंत्रणा या गल्ल्यांत आहे ती कुठल्याही सांस्कृतिक खात्याकडे नाही. एका मंडळाने एका वर्षी एका शाळेचा एक प्रयोग दत्तक घ्यावा. देखावा कमी करायची गरज नाही. कदाचित पुढे त्याच मुलांतलं कुणीतरी देखाव्याचं निवेदन लिहायला बसेल.

प्रयोग कसा नसावा, हेही बोललं पाहिजे. बहिणाबाईंवरचा कार्यक्रम म्हटला की पहिल्या पाच मिनिटांत बासरी, मग वैधव्य, मग पदर डोळ्यांना. हा मोह टाळायला हवा. तिशीत नवरा गमावलेल्या बाईच्या आयुष्यात दुःख होतं, अपार होतं. पण तिच्या गाण्यांत नुसतं रडं नाही. त्यांत सुगरण पक्षिणीने चोचीने विणलेल्या घरट्याचं थक्क होणं आहे, पुन्हा पुन्हा उभ्या पिकात शिरणाऱ्या गुरासारख्या मनाची तक्रार आहे, गावातल्या माणसांच्या सोंगाढोंगांवर बोट ठेवणारी खट्याळ नजर आहे. तिला करुणेचा विषय करून टाकणं म्हणजे तिची हुशारी लपवणं होय. मुलांना ती हुशार बाई भेटली पाहिजे.

आणि सत्य कापू नये. लॉसन दारूत बुडाला, बायकोमुलांच्या पोटगीचे पैसे न भरल्याने त्याला तुरुंगातही जावं लागलं. तरी १९२२ साली तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि वयाप्रमाणे शब्द निवडून मुलांना दोन्ही सांगता येतात. आपल्याकडे थोर माणसाला शाळेत आणताना त्याच्या आयुष्याला इस्त्री करायची सवय आहे. इस्त्री केलेला माणूस मुलांना खोटा वाटतो. ती तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांना कळतं.

कोल्हापूरच्या शाळांनी बहिणाबाईंवरच थांबावं असं नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) जेमतेम दीड दिवस शाळेत गेले आणि पुढे मुंबईच्या गिरणगावात बसून त्यांनी १९४३ साली 'स्टालिनग्राडचा पवाडा' लिहिला. जो मुलगा शाळेत टिकला नाही त्याची गोष्ट शाळेत सांगितली जावी, आणि ती सांगताना शाळेने त्याला बाहेर का ठेवलं हेही सांगितलं जावं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरं शिकले आणि आंबेडकरी गाण्यांचे महाकवी झाले. कोल्हापूरच्या मातीत शाहीर लहरी हैदर आणि शाहीर पिराजीराव सरनाईक होऊन गेले. जगदीश खेबुडकर तर इथलेच शिक्षक. १९७२ च्या 'पिंजरा'ची गाणी लिहिणारा माणूस सकाळी वर्गावर जात असे, हे ऐकून नववीच्या पोरांचे डोळे चमकले नाहीत तरच नवल. यातल्या प्रत्येकावर एक नट, एक तास. पाच वर्षांत शाळेतलं मूल पाच कवींच्या मांडीला मांडी लावून बसलेलं असेल.

खरा अडथळा बहुधा मुख्याध्यापकांच्या टेबलावर असेल. शिष्यवृत्ती परीक्षा, प्रशिक्षणं, माहिती भरायच्या लिंका, निवडणुकीची कामं, त्यात हे आणखी एक? ही तक्रार खरी आहे. म्हणून प्रयोगाचा भार शाळेवर टाकू नये. केंद्रप्रमुखाने आपल्या भागातल्या शाळांसाठी एकच वेळापत्रक करावं, कलावंत आठवडाभर राजारामपुरीत राहावा, सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी. प्रयोगानंतर वीस मिनिटं मुलांच्या प्रश्नांना द्यावीत. शिक्षकांनी त्या वेळी मुलांना गप्प करू नये. अहवाल, फोटो, पत्रकातली बातमी या गोष्टी नाही झाल्या तरी चालेल.

आणि प्रयोगानंतर गृहपाठ एवढाच असावा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे जायचं आणि तिला जात्यावरची एखादी ओवी आठवते का ते विचारायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. तरी सगळ्या जमल्या असतील असं नाही. राजारामपुरीत भाड्याने राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या आज्या कागल, राधानगरी, गडहिंग्लजच्या गावांतून लेकाकडे राहायला आलेल्या आहेत. दुपारी त्या गॅलरीत बसलेल्या असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. नात वही-पेन घेऊन समोर बसली तर पहिल्यांदा त्या हसतील, 'आता कुठलं गं आठवतंय' म्हणतील. मग थोडं थांबून, हात नकळत गोल फिरवत, पहिली ओळ म्हणतील. नातीने ती जशी ऐकली तशी, 'ळ'चा 'य' असो की 'होय'चा 'व्हय', एकही अक्षर न सुधारता लिहून घ्यावी.